चित्र अडते, दोष कोणाचा?

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच डोळ्यांपुढे येण्याची आपल्याला सवय आहे. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो आणि त्यातही तह, मोडलेली वचने व लढाया असतात, हे कामगारवस्तीत वावरणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. आज आम्ही अशाच एका वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत. लॅपटॉपवर व्हिडिओ लावावा, आवाज नीट ऐकू यावा आणि चित्र मात्र जागीच थिजावे, हिरवे पडावे किंवा साफ काळे व्हावे, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. घरची मंडळी म्हणतात, पोराने काहीतरी दाबले असेल. दुकानदार म्हणतो, यंत्र जुने झाले, नवे घ्या. कारखान्यात अपघात झाला की पहिला ठपका कामगारावर यावा, तशातलाच हा प्रकार. चौकशी केली म्हणजे पुष्कळदा असे आढळते की पोर निर्दोष आहे आणि यंत्रही धडधाकट आहे. बिघाड आहे तो मधल्या दुभाष्यात. या दुभाष्याचे नाव ग्राफिक्स ड्रायव्हर.

हा दुभाषी कशासाठी लागतो? संगणकाचा कारभार पाहणारी विंडोज किंवा लिनक्ससारखी प्रणाली हुकूम सोडते. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. पण प्रत्येक कंपनीच्या चिपची बोली वेगळी. तेव्हा हुकमाचे भाषांतर करणारी एक आज्ञावली मध्ये ठेवावी लागते आणि ती बहुधा चिप बनविणारी कंपनीच लिहिते. भाषांतर चुकले की मालक शहाणा आणि कारागीर कुशल असूनही काम बिघडते.

आता व्हिडिओचेच काम इतके नाजूक का, हे थोडे हिशेबाने पाहू. आजच्या साध्या हाय-डेफिनिशन चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके झाले. सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावयाची म्हटली, तर दर सेकंदास ५ कोटी १८ लक्ष ४० हजार ठिपके रंगवावे लागतात. एवढा माल जसाच्या तसा साठविणे परवडत नाही. म्हणून २००३ साली प्रमाण ठरलेल्या एच.२६४ सारख्या पद्धतींत एका चित्रापासून दुसऱ्यात काय बदलले, तेवढेच प्रामुख्याने नोंदवून ठेवतात. ही आवळलेली गाठोडी सोडविण्याचे कष्ट मोठे. मुख्य प्रोसेसर त्यात दमून जातो, म्हणून ग्राफिक्स चिपमध्येच त्याकरिता खास विभाग बसविण्यात आला. सोय झाली खरी, पण त्याबरोबर व्हिडिओ ड्रायव्हरच्या हाती गेला. आवाजाचा रस्ता निराळा आणि त्याचा ड्रायव्हरही निराळा. चित्र थिजूनही गाणे चालूच राहते, त्याचे कारण हे असे आहे.

येथून खरा इतिहास सुरू होतो. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी बाजारात आणली, तेव्हा ग्राफिक्सच्या कामाचा मोठा भाग प्रणालीच्या गाभ्याबाहेर ठेवला होता. तेथे काही कोसळले तरी गाभा शाबूत राहावा, हा त्यातला हेतू. पण या व्यवस्थेत काम मंदावत होते. १९९६ च्या एनटी ४ मध्ये वेगासाठी हे काम गाभ्यात नेण्यात आले. भट्टीभोवतीचे कुंपण काढले की माल लवकर निघतो. पण एकाचा पाय घसरला तर सारे खाते होरपळते. तसेच झाले. ड्रायव्हरमधील एका चुकीने सबंध संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागला आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर ही मांडणी घरोघर पोहोचली.

अखेर २००७ च्या व्हिस्टामध्ये कुंपण पुन्हा घालण्यात आले. ड्रायव्हरचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला आणि असा नियम केला की चिपने सुमारे दोन सेकंद उत्तर दिले नाही, तर फक्त ड्रायव्हर नव्याने सुरू करावा, सबंध यंत्र बंद पाडू नये. व्हिडिओ चालू असता पडदा क्षणभर काळा होतो आणि ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला, अशी सूचना येते. ती याच नियमाची खूण होय.

सुधारणा योग्य होती, पण तिच्यासाठी ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि ते वेळेवर तयार नव्हते. शिवाय इंटेलच्या ९१५ चिपसेटला नवी पद्धत पेलत नसताही, व्हिस्टा चालेल असे लेबल त्या संगणकांवर लावण्याची मुभा मिळाली. २००७ मध्ये सिएटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला. सर्व ग्राहकांच्या वतीने तो एकत्र चालविण्याची परवानगी २००९ मध्ये काढून घेण्यात आली, हे खरे. पण त्या निमित्ताने कंपनीचे आतले कागद उजेडात आले. २००७ मधील व्हिस्टा कोसळण्याच्या ज्या नोंदी त्यांत होत्या, त्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांचे मूळ एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये, सुमारे १८ टक्क्यांचे मायक्रोसॉफ्टच्याच आज्ञावलीत, आणि एटीआय व इंटेल यांचा वाटा प्रत्येकी नऊ टक्क्यांच्या आसपास. ज्याचा माल अधिक खपतो त्याच्या तक्रारीही अधिक येतात, ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. तरीसुद्धा एक गोष्ट निर्विवाद ठरते, ती ही की दोष सामान्य माणसाच्या बोटांत नव्हता.

लॅपटॉपवाल्यांची कुचंबणा याहून मोठी. लॅपटॉप बनविणारा पडदा व वीजबचत यांच्या सोयीने ड्रायव्हरमध्ये फेरफार करून घेई. म्हणून २००८ च्या अखेरपर्यंत एनव्हिडिया लॅपटॉपचे ड्रायव्हर सहसा थेट देत नसे, ते लॅपटॉपच्या कंपनीकडून घ्यावे लागत. आणि ती कंपनी नवे मॉडेल निघाले की जुन्याकडे पाठ फिरवी. चिपवाला लॅपटॉपवाल्याकडे बोट दाखवतो, लॅपटॉपवाला विंडोजकडे. कंत्राटी कामगाराचा मालक कोण, या प्रश्नावर ज्यांनी चपला झिजविल्या आहेत, त्यांना हा खेळ चांगलाच परिचयाचा वाटेल.

या खेळाला उत्तर देण्याचा प्रयत्न व्हिस्टाच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक छपाईयंत्र आला. त्यात कागद अडके. तशी सूचना सर्वांना मिळावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. मूळ मजकूर गुप्ततेच्या कराराखाली असल्यामुळे त्यांना नकार मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ आरंभिली, तिच्या मुळाशी हा अनुभव होता. पुढे एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपची माहिती खुली करण्याचे जाहीर केले. एनव्हिडिया मात्र अडून राहिली, तेव्हा काही प्रोग्रामरांनी चिपचे वर्तन बाहेरून न्याहाळून नूव्हो नावाचा ड्रायव्हर लिहिला. २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात दोन चिपांच्या लॅपटॉपविषयी प्रश्न निघाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला भरसभेत शिवी हासडली. मे २०२२ मध्ये त्या कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला. बाकी बराच भाग आजही बंदच आहे.

आता या इतिहासाचा उपयोग काय? आमच्या संघटनेतील एका सभासदाच्या मुलीला शिकवणीचे व्हिडिओ दिसत नव्हते आणि दुकानात नव्या लॅपटॉपचा भाव सांगण्यात आला होता. आम्ही क्रमाने चौकशी केली. संगणक चालू होताच, विंडोज येण्यापूर्वीही रेघा दिसत असतील, तर संशय यंत्रावर. येथे तसे नव्हते. दुसरी फाइल, दुसरा प्लेअर लावून पाहिला, सगळीकडे तेच. मग ब्राउझरमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केले. म्हणजे व्हिडिओचे काम चिपकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे दिले. चित्र ताबडतोब धावू लागले. यावरून फाइल व पडदा निर्दोष ठरले आणि संशय ड्रायव्हरवर आला. हा उपाय तात्पुरता. त्याने यंत्र तापते व बॅटरी लवकर उतरते. बिघाड एका अपडेटनंतर सुरू झाला होता, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून मागचा ड्रायव्हर परत आणला. तो नसता तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या आणि मग चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतला असता. एका पैचा खर्च न होता मुलीचा अभ्यास सुरू झाला.

ही किमया नव्हे. पुरावा पाहिल्याशिवाय कोणावरही दोष ठेवू नये, या साध्या न्यायाचाच हा उपयोग आहे. ज्याच्या घामाच्या पैशातून यंत्र घरात येते, त्याला ते का अडले हे विचारण्याचा आणि त्याचे खरे उत्तर मिळविण्याचा हक्क आहे. हे उत्तर गुप्त ठेवले गेले, तेथे तेथे ग्राहकाने जुन्याऐवजी नवे विकत घेतले. ते खुले झाले, तेथे जुने यंत्र आणखी काही वर्षे उपयोगी पडले. उद्या आपल्या घरी चित्र अडले, तर आधी पोरावर रागावू नये आणि खिशातही हात घालू नये. प्रथम चौकशी करावी, एवढीच आमची विनंती आहे.