खानेसुमारीतली चूक कुणाची?

पाळी सुटली की मी जुन्या खानेसुमारीचे तक्ते वहीत उतरवतो. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध अडीच हजारांच्या आत. १९६१ साली २७ लाख ८९ हजार. सोबतचा शिकलेला मित्र म्हणाला, "छपाईची चूक आहे, दुरुस्त कर." मी म्हणलं, बाबा, चूक न्हाई. मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे.

म्हणून आकडा पटला नाही तरी बदलायचा नाही. आधी आपली वही मूळ पानाशी ताडायची. मग पुरुष आणि स्त्रिया मिळून एकूण आकडा जुळतो का ते बघायचं. नाही जुळला तरी मूळ तसंच ठेवायचं, शंका शेजारी कंसात लिहायची. साच्यावर तार तुटली तर आपण गाठ मारतो. ती गाठ हाताला लागते. गुपचूप केलेली दुरुस्ती लागत नाही, आणि पुढचा फसतो.

पण खरी चूक बेरजेत सापडत नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना १९९० पर्यंत जागा नव्हती. १९६१ ला 'बौद्ध' सांगणारा अनुसूचित जातींच्या तक्त्यातून गळाला. माणसं कमी झाली नव्हती, रकाना बदलला होता. सवलती जातील या भीतीनं कित्येकांनी 'हिंदू' सांगितलं. आणि काहींना न विचारताच तसं लिहिलं गेलं. माझा आजा मंगळवार पेठेत राहायचा. गणतीवाल्यानं जात विचारली, धर्माचा रकाना स्वतःच भरला. आजा सांगायचा, "म्या बोललोच न्हाई, त्यानं लिव्हलं."

तो कागद आता मिळायचा नाही. आकडे काढून झाले की घरोघरचे कागद नष्ट करायची रीत. मागं उरले तक्ते. तेव्हा तक्ता खोडू नका. शेजारी म्हाताऱ्यांची साक्ष लिहा, वस्ती आणि तारीख घालून.

गावदप्तरात 'धोंड्या', 'कोंड्या' दिसतात. 'धोंडिबा' करायला हात शिवशिवतो. करू नका. आपण नाव सुधारलं तर अपमानाचा पुरावाच पुसला जाईल. उतरवताना 'धोंड्या', बोलताना धोंडिबा.

पुढच्या जनगणनेत जात मोजायचं केंद्र सरकारनं २०२५ साली ठरवलं. गणतीवाला दारात येईल तेव्हा त्याला बसवा, पाणी द्या, आणि काय लिव्हलं ते मोठ्यानं वाचायला लावा. शंभर वर्षांनी उतरवून घेणाऱ्याला आपली गाठ सोडवत बसायला लागू नये.

जय भीम.