काच कोणाची, पैसे कोणाचे? डोंबिवलीच्या निमित्ताने विम्याचा इतिहास

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण विमा प्रतिनिधीच्या परीक्षेची तयारी करताहेत, आणि बाकीचे माझ्यासारखे, ज्यांच्या घराला खिडक्या आहेत असे. विषय दोघांच्याही कामाचा आहे.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. 26 मे 2016, गुरुवार. डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. 12 माणसं गेली, दीडशेहून अधिक जखमी झाली. आसपासच्या किती इमारतींच्या काचा फुटल्या, दारं निखळली, हे इथल्या लोकांना सांगायला नको. पंचनामे झाले आणि रहिवासी भरपाईची वाट बघत राहिले, वर्षानुवर्षं. मग 23 मे 2024, पुन्हा गुरुवार, पुन्हा फेज दोन. अमुदान केमिकल्समध्ये स्फोट. दहाहून अधिक कामगार दगावले आणि काचा पुन्हा फुटल्या.

आता एक साधा प्रश्न. कारखान्यापासून किलोमीटरभर लांब राहणाऱ्या माणसाची खिडकी फुटली. त्याचे पैसे कोणी द्यायचे? त्याच्या विमा कंपनीने, कारखान्याच्या विमा कंपनीने, का सरकारने? तिन्ही उत्तरं काही प्रमाणात बरोबर आहेत. पण ती तीन उत्तरं तीन वेगवेगळ्या काळांत, तीन वेगवेगळ्या संकटांतून जन्माला आली आहेत. तो इतिहास माहीत नसला की पॉलिसी विकणाराही गोंधळतो आणि घेणाराही.

आधी शब्दच बघा. 'विमा' हा शब्द फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भीती, धोका. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिच्यासाठी लंडनला जायची गरज नाही, कल्याणला गेलं तरी पुरे. कल्याण हे सातवाहनांच्या काळातलं बंदर. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं नोंदलेली आहेत. अशा व्यापाऱ्यांना कर्ज देणारा सावकार काय हिशेब करत असेल? याज्ञवल्क्य स्मृतीत त्याचं उत्तर आहे. अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा दहा व्याज, समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस. म्हणजे धोका दुप्पट मानला तर दर दुप्पट. आज आपण ज्याला हप्ता ठरवणं म्हणतो, त्याचं बीज इथे दिसतं.

पुढे पश्चिम किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चालत असे. माल पाठवणारा व्यापारी माल घेणाऱ्याच्या नावावर हुंडी काढायचा आणि ती सराफाला थोड्या कमी किमतीत विकायचा. माल सुखरूप पोचला तर सराफाला पूर्ण रक्कम मिळायची. गलबत बुडालं तर हुंडीही बुडाली, नुकसान सराफाचं. ही जी 'थोडी कमी किंमत' होती ना, तोच विम्याचा हप्ता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटपर्यंत लागणार आहे. या सगळ्यात व्यापारी *स्वतःच्या* मालाची सोय करतोय. माझा माल, माझं नुकसान, माझी व्यवस्था. याला आपण आज मालमत्ता विमा म्हणतो. 'माझ्यामुळे दुसऱ्याचं काय झालं' हा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही.

आता जमिनीवर येऊ. 1666 मध्ये लंडन शहर जळालं. त्यानंतर पंधरा-एक वर्षांत तिथे घरांचा अग्निविमा करणारी कचेरी निघाली. इंग्रजांबरोबर तो धंदा इकडे आला. 1850 मध्ये कलकत्त्यात ट्रायटन इन्शुरन्स कंपनी सुरू झाली. आपल्या लोकांना यायला वेळ लागला. 1907 मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल इन्शुरन्स कंपनी निघाली. सर्वसाधारण विम्याचे सगळे प्रकार करणारी ही पहिली भारतीय कंपनी. 1919 मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया काढली. गोदीतल्या मालाचे, कापसाच्या गाठींचे, गोदामांचे, गिरण्यांचे विमे उतरू लागले. मुंबई विमा घेत होती, पण पॉलिसीत बारीक अक्षरात काय लिहिलंय हे फार कमी लोक वाचत होते.

ते वाचायची वेळ आली 14 एप्रिल 1944 ला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली आणि चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, गोदी आणि आजूबाजूचा भाग उद्ध्वस्त झाला. लोक अग्निविम्याची पॉलिसी घेऊन आले. आणि तिथे अडचण उभी राहिली. नुकसान आगीचं की स्फोटाचं? स्फोट पॉलिसीत येतो का? त्यात हा युद्धकाळातला दारूगोळा! शेवटी सरकारला 'बॉम्बे एक्स्प्लोजन (कॉम्पेन्सेशन) ऑर्डिनन्स' हा वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था करावी लागली.

परीक्षेला बसणाऱ्यांनी हे लिहून घ्या, प्रश्न आला नाही तरी. पॉलिसीत काय आहे यापेक्षा काय *नाही* हे आधी वाचायचं. आजच्या घरविम्यात स्फोट हा आगीइतकाच ठळकपणे समाविष्ट धोका आहे. पण तो तिथे आपोआप आलेला नाही. मुंबईसारख्या शहरांनी त्याची किंमत मोजली आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. माझ्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर?

इंग्लंडमध्ये 1868 साली एक खटला निकाली निघाला, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर. रायलँड्स हे गिरणीमालक. त्यांनी पाण्यासाठी तलाव बांधून घेतला, आणि ते पाणी शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. न्यायालयाने म्हटलं, धोकादायक गोष्ट तुम्ही स्वतःच्या जमिनीवर आणून साठवली आणि ती निसटली, तर जबाबदारी तुमची, मग तुमचा निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. भारतात याच दिशेने, पण तुकड्यातुकड्यांनी, पावलं पडली. 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला, तो फक्त कामगारांसाठी. 1939 मध्ये मोटार वाहन कायदा आला, आणि त्यातून गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. म्हणजे रस्त्यावर तुमच्या स्कूटरने कोणाला धडक दिली तर त्याची सोय होती. तुमच्या कारखान्याने अख्ख्या वस्तीला धडक दिली तर मात्र तशी सोय नव्हती.

आणि याच मधल्या काळात आपला जिल्हा बदलला. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याला वागळे इस्टेट उभी राहिली, पाठोपाठ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली. तेव्हा कारखाने गावाबाहेर होते, भोवती शेतं होती. मुंबईत घर परवडेना, तशी माणसं लोकल पकडून डोंबिवलीला राहायला आली. निवासी भाग वाढत वाढत कारखान्यांच्या कुंपणाला जाऊन भिडला. यात कोण आधी आलं, कोण नंतर, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज होतो. विम्याच्या दृष्टीने तो वाद गौण आहे. कुंपणाच्या अलीकडे साठवलेलं रसायन पलीकडे गेलं तर जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न आहे.

त्याचं उत्तर द्यायला भोपाळ व्हावं लागलं. 2 डिसेंबर 1984 ची रात्र. हजारो माणसं मेली आणि भरपाईचा खटला वर्षानुवर्षं चालला. 1985 च्या डिसेंबरात दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रायलँड्सच्याही पुढे जाऊन सांगितलं, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, तिला पळवाट नाही. मग संसदेने 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. 1 एप्रिल 1991 पासून तो लागू झाला.

हा कायदा डोंबिवलीकरांनी तोंडपाठ करायला हवा, म्हणून जरा सावकाश सांगतो. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येक मालकाने विमा घेतलाच पाहिजे. अपघात झाला तर बाधितांना चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगारांसाठी वेगळा कायदा आहे, म्हणून हा बाहेरच्या लोकांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. अर्ज न्यायालयात नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. मुदत अपघातापासून पाच वर्षं. जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यायचा. मालक हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीतही भरतो, म्हणजे विमा कमी पडला तर निधी पुढे येतो.

ऐकायला किती छान आहे! आता आकडे ऐका. 1991 च्या मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी 25,000 रुपये. औषधोपचाराच्या खर्चासाठी कमाल 12,500 रुपये. आणि खासगी मालमत्तेच्या नुकसानीसाठी कमाल 6,000 रुपये. डोंबिवलीत 2016 ला स्फोट झाला तेव्हाही कायद्याच्या कागदावर हेच आकडे होते. पंचवीस वर्षांत घरांच्या किमती कुठे गेल्या, आणि काचेची किंमत सहा हजारांवर थांबून राहिली. यापेक्षा जास्त हवं असेल तर दिवाणी दावा लावायचा मार्ग मोकळा आहे, पण तो किती लांबतो हे तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे झालं काय? जबाबदारीच्या विम्याची कल्पना शंभर वर्षं उशिरा आली, आणि आली ती तातडीच्या मदतीपुरती. ती तुमच्या घराच्या विम्याची जागा घेऊ शकत नाही, आणि ती घेईल असं कायद्याने कधी म्हटलंही नव्हतं. लोकांनी मात्र तसं गृहीत धरलं. 'कारखान्याची चूक आहे ना, मग ते देतील.' मुख्य गफलत इथेच आहे. चूक कोणाची हे ठरणं आणि पैसे हातात येणं यांत वर्षं जातात. मालमत्ता विमा वेगळ्या तत्त्वावर चालतो. तुमची कंपनी तुम्हाला आधी पैसे देते, आणि मग तुमच्या जागी उभी राहून कारखान्याकडून वसूल करायचा हक्क तिला मिळतो. भांडण तिचं, तुमची खिडकी बसलेली.

मग घरांचे विमे का नसतात? 1 जानेवारी 1973 पासून 107 विमा कंपन्या विलीन होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या, 2000 नंतर पुन्हा खासगी कंपन्या आल्या, पण या सगळ्यात घरविमा हा विकायला कंटाळवाणा प्रकार राहिला. हप्ता लहान, कमिशन लहान. शिवाय एक जाचक अट असायची, सरासरीची. समजा घर पुन्हा बांधायचा खर्च 20 लाख आणि विमा उतरवला 10 लाखांचा. नुकसान झालं 2 लाखांचं, तर मिळणार फक्त 1 लाख. कमी विमा घेतलात, तर नुकसानीतही तुमचा अर्धा वाटा. लोक चिडायचे आणि विम्यावरचा विश्वासच उडायचा.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही सर्व कंपन्यांसाठी सारखी पॉलिसी आली आणि त्यात ही सरासरीची अट काढून टाकली. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप मिळतात. आग, स्फोट, पूर, भूकंप सगळं आत. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं त्यांनी 'पूर' हा शब्द नीट ऐकावा.

होतकरू प्रतिनिधींना तीन गोष्टी सांगून थांबतो. एक, फ्लॅटचा भाव आणि विम्याची रक्कम वेगळी. भावात जमीन असते आणि जमीन जळत नाही. विमा बांधकामाच्या खर्चावर घ्यायला सांगा, हप्ता कमीच येईल. दोन, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा घ्यायला सांगितलेलं आहे. सोसायटीच्या सभेत जाऊन विचारा, पॉलिसी कुठे आहे? असली तरी ती इमारतीची, सामान ज्याचं त्याने बघायचं. आणि तीन, ग्राहकाला आधी हे विचारा, की तुम्हाला काळजी कसली आहे, तुमचं नुकसान होण्याची, का तुमच्यामुळे दुसऱ्याचं होण्याची? वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्याला दोन्ही लागतील. एमआयडीसीला लागून राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला बहुधा पहिलंच लागेल. हा प्रश्न न विचारता विकलेली पॉलिसी म्हणजे पुढच्या स्फोटानंतरची तक्रार.

कल्याणच्या व्यापाऱ्याला हुंडी लिहिताना आपण नेमकी कुठली जोखीम विकतोय हे नक्की ठाऊक होतं. आपल्यालाही ते ठाऊक असलं पाहिजे, पंचनाम्याला तलाठी दारात यायच्या आधी. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या काकू केव्हापासून हात वर करून बसल्यात, त्यांच्यापासून सुरुवात करू.