माळकऱ्याचे वाक्य

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या मुलखात, ईट हे गाव आहे. पैठणहून निघणारी नाथांची पालखी पाटोदा, खर्डा, परंडा करीत पंढरीस जाते, ती याच भागातून. या बाजूस एखाद्याने दारू सोडली हे सांगायचे असले, तर ‘त्याने माळ घातली’ एवढे म्हटले तरी पुरते. गळ्यात तुळशीची माळ आली की मद्यमांस वर्ज्य झाले. एकादशी, नित्याचा हरिपाठ आणि पंढरीची वारी मागोमाग आलीच. पुढे कोणी पेला पुढे केला, तर उत्तर तयार असते : आम्ही माळकरी.

या दोन शब्दांकडे वाचकांनी थोडे निरखून पाहावे, अशी आमची विनंती आहे. ‘सोडायचा प्रयत्न चालू आहे’ असे त्यांत नाही, ‘उद्यापासून सोडीन’ असेही नाही. आपण कोण आहोत, ते वर्तमानकाळात सांगून टाकले आहे. ज्यास अलीकडे सकारात्मक स्वयंसूचना म्हणतात आणि ज्यावरील पुस्तकांनी दुकानांतील कपाटे भरलेली असतात, ती हीच गोष्ट होय. मात्र माळकऱ्याचे वाक्य एकटे नसते. माळ वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून घ्यायची, चार माणसांच्या देखत घ्यायची. मग संध्याकाळी हरिपाठास न दिसणाऱ्याची चौकशी होते. पुस्तकवाले वाक्य तेवढे विकतात.

आधुनिक काळात या विद्येचा बोलबाला केला तो फ्रान्समधील एमिल कुए (१८५७-१९२६) यांनी. हे गृहस्थ मूळचे औषधविक्रेते. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य सकाळी उठताना व रात्री निजताना, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत वीस वेळा म्हणावे, असे ते सांगत. मोजदादीसाठी वीस गाठींची दोरी वापरावी, हीही त्यांचीच सूचना. घरी रोझरी म्हणणाऱ्यांस या दोरीचे नवल वाटणार नाही! १९२३ मध्ये कुए अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांच्याभोवती मोठी गर्दी लोटली.

मनाला संबोधून बोलण्याची रीत मराठीत त्याहून फार जुनी. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक संख्येने २०५. सारे भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे चालता चालता म्हणता यावेत असे. समर्थ मनाला सज्जन म्हणून हाक मारतात, पण त्याची खोटी स्तुती करीत नाहीत. पहाटे काय करावे आणि काय टाकावे, ते लगोलग सांगतात.

हा भेद किती मोलाचा आहे, याचा पडताळा २००९ मध्ये आला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांस ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे स्वतःशी म्हणावयास लावले. ज्यांच्या मनी स्वतःविषयी मुळातच हीन भावना होती, त्यांस ते म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले. न पटणारी स्तुती ऐकली की मन आतून उलट उत्तर करते, असे आम्हांस वाटते. व्यसनाने खचलेल्या घरच्या माणसाच्या हाती असले वाक्य देताना हे ध्यानात असावे. तो आधीच स्वतःला दोष देत बसलेला असतो. याउलट, ‘अमुक वेळ आली की मी अमुक करीन’ असा बांधून केलेला संकल्प अधिक तडीस जातो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले.

संत इग्नेशियस यांच्या आत्मिक साधनेस पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली ती १५४८ मध्ये. तीत एक साधी कृती आहे. सुधारायचा दोष एकच निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करावा. दिवसात चूक घडली की छातीवर हात ठेवावा. चारचौघांत केले तरी कोणास कळत नाही. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन चुकांइतके ठिपके एका रेघेवर मांडावे, रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. मग दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा. १५७९ मध्ये गोव्यास आलेले, ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स याच तालमीतले.

सवय जडण्यास किती दिवस लागतात, हे लंडनमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यासून २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ढोबळ मानाने ६६ दिवस. पण कोणास १८ पुरतील, तर कोणास २५४ लागतील, असा हिशेब निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला, तर त्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांस आढळले. इग्नेशियसच्या रेघेवर अशा दिवशी ठिपका पडतो, आणि दुसऱ्या सकाळी निश्चय पुन्हा करायचा असतो.