पोटहिस्सा आणि रकाना

पनवेल तालुक्यातील नेरे या गावच्या जमिनींची नोंद संगणकात ठेवावयाची झाली, तर ती स्वभावतःच पोटात पोट असलेली होते. जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात भूमापन क्रमांक, क्रमांकात पोटहिस्सा आणि पोटहिश्शात खातेदार. स्क्रिप्ट-भाषांतील ‘हॅश’, म्हणजे नावाची किल्ली लावून मूल्य काढण्याची सोय, अशा नोंदीस सोयीची असते. परंतु कागदाला पोट नसते. ओळी आणि रकाने तेवढे असतात.

हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. पेशवाईतील कारकून एकूण रकमेखाली ‘बितपशील’ लिहून पोटरकमा मांडीत. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीचे हक्कनोंदणीपत्रक आले, आणि पुढे गाव नमुन्यांचे रकाने रूढ झाले. त्यांपैकी नमुना सात भूमापन क्रमांकापासून निघतो, तर आठ-अ खातेदारापासून. माहिती बव्हंशी तीच. बाहेरची किल्ली मात्र निराळी. पहिला ‘ही जमीन कोणाची?’ याचे उत्तर देतो, दुसरा ‘याची जमीन कोणती?’ याचे. छापणारा कोणती किल्ली आधी घेतो, यावर वाचकाला कोणता प्रश्न सहज विचारता येईल हे ठरते. तक्ता ही निव्वळ सजावट नव्हे, असे आम्ही म्हणतो ते याच कारणास्तव.

संगणकाच्या बाजूने पाहता, १९७७ च्या ‘ऑक’ भाषेत नावाने शोधता येणाऱ्या सारण्या होत्या. लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ १९८७ मध्ये आली. अहवाल छापणे हा तिचा एक मूळ हेतूच होता. तथापि हॅशच्या पोटात हॅश सरळपणे ठेवता येऊ लागला तो १९९४ च्या पाचव्या आवृत्तीतील संदर्भांमुळे. तेव्हापासून एका फेऱ्याच्या आत दुसरा फेरा घालून असा तक्ता छापण्याची रीत पडली.

या रीतीत काही खाचखळगे आहेत. पर्लच्या हॅशला क्रम नसतो. २०१३ च्या ५.१८ आवृत्तीपासून तर तो प्रत्येक वेळी बदलू शकतो. म्हणून किल्ल्या आधी लावून घ्याव्या लागतात, आणि त्या अक्षरक्रमाने लावल्यास सर्व्हे नंबर १० हा २ च्या आधी येतो. वरच्या किल्लीचे नाव एकदाच छापून खालचे रकाने कोरे ठेवले, तर तक्ता देखणा दिसतो; पण मधलीच ओळ कोणी उतरवून घेतली की तो पोटहिस्सा कोणत्या क्रमांकाचा, हे कळावयास मार्ग उरत नाही. उलटपक्षी, प्रत्येक ओळीत सर्व नावे साठवून ठेवली असती, तर १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले तेव्हा तितक्याच ओळी दुरुस्त कराव्या लागल्या असत्या. उतरंडीत एक किल्ली बदलून भागते. म्हणून साठवण उतरंडीची ठेवावी आणि नावांची पुनरुक्ती छापतानाच करावी, हे उत्तम.

राहता राहिली रकान्याची रुंदी. ‘नेरे’ या नावात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी ती चार चिन्हे असून यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट भरतात. रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली छपाईची आज्ञा चिन्हे किंवा बाइट मोजते, डोळ्यांची अक्षरे नव्हे. आणि नेमका नेरे गावापुढचाच रकाना डावीकडे सरकतो.