अपूप आणि उण्णियप्पम्

केरळातील कोट्टारक्करा येथील देवालयात मुख्य देवता शिव असली, तरी त्याची ख्याती आहे ती गणपतीमुळे आणि गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या उण्णियप्पममुळे. मलयाळम् भाषेत ‘उण्णि’ म्हणजे लहान. तांदूळ, गूळ व केळे यांचे हे तळलेले गोड अप्पे केरळात घरोघरीही होतात.

अशा पदार्थाचे मूळ शोधताना आपण लगेच वेदांकडे धावतो. ऋग्वेदात इंद्राला अर्पण केलेल्या आणि तुपाने माखलेल्या अपूपाचे उल्लेख आहेत, हे खरे. परंतु ऋग्वेदात धान्य म्हणून येतो तो यव. व्रीहीचा, म्हणजे भाताचा, स्पष्ट उल्लेख अथर्ववेदात सापडतो. ‘अप्पम्’ हा शब्द अपूपावरून आला की मुळात द्राविडी, याविषयीही विद्वानांचे एकमत नाही. तेव्हा नामसादृश्यावरून पदार्थही एकच मानणे आम्हांस इतिहासाला धरून वाटत नाही.

पदार्थाचा खरा पुरावा त्याच्या घटकांत असतो. वेलदोडा सह्याद्रीच्या दक्षिण भागातील रानांतला. केळ्याची पहिली लागवड झाली ती दूर न्यू गिनीत; तेथून आग्नेय आशियामार्गे ते इकडे आले. नारळ किनाऱ्याचा, तर ऊस पिकला तो पाटाच्या पाण्यावर. या सर्वांची भेट दक्षिणेतील स्वयंपाकघरात झाली.

कृतीही पाहण्यासारखी आहे. तांदूळ तीन-चार तास भिजवून वाटतात. त्यात गाळलेला गुळाचा पाक, कुसकरलेले पिकलेले केळे, तुपात परतलेले खोबऱ्याचे तुकडे, तीळ व वेलदोडा घालून पीठ काही तास ठेवतात. केळ्यामुळे अप्पा मऊ राहतो. मग आपल्या अप्पेपात्रासारख्या, खळगे असलेल्या ‘अप्पकारा’त तेल-तूप तापवून पीठ सोडतात आणि अणकुचीदार काडीने अप्पे उलटतात.

पीठ किती सैल असावे, हे मात्र कोणत्याही ग्रंथापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा हातच अचूक जाणतो. आज बाजारात तयार पीठ मिळते. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो हात थांबला की त्याबरोबर शतकांचे ज्ञानही जाते. राजांच्या सनदा आपण जपून ठेवल्या. आपल्या घरातील अनारशांचे, घारग्यांचे प्रमाण वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे, हेही इतिहासाचेच काम आहे. ते आपण या वसंतातच सुरू करावे, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.