इंजिनाचा चुकलेला ठोका

अहमदपूर हें गांव लातूर व नांदेड यांच्या मध्यें, बालाघाटच्या पठारावर वसलेलें आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली. नांदेडला गोदावरीच्या खोऱ्यांतील रेल्वे त्यापूर्वींच आली होती. दोहोंच्या मधल्या अहमदपुरास मात्र आगगाडी लाभली नाहीं. निजामाच्या राज्यांत १९३२ सालीं रेल्वेखात्यानेंच २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. पुढें अशा मुलखांत मोटार ही चैनीची वस्तु न राहतां गरजेची वस्तु झाली. आडरस्त्यावर इंजिन अडखळूं लागलें, कीं रोगी, वऱ्हाडी आणि टपाल सारेंच खोळंबे. म्हणून इंजिनाचा ठोका कां चुकतो, हा प्रश्न येथें केवळ शौकिनांचा नव्हता.

पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, तें घट्ट दाबून धरणारें सिलिंडर, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, तेव्हांपासून ह्या तिहींत अधिक हट्टी ठरली ती ठिणगी. डाइम्लरनें आरंभीं तापून लाल झालेल्या नळीवर काम भागविलें; बेंझनें विजेची कास धरली. १९०२ सालीं बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याजोगा स्पार्क प्लग तयार केला, आणि वेगवान इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याची कॉइल व पॉइंट यांची योजना कॅडिलॅक मोटारींत आली. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ जगांतील असंख्य मोटारी ह्याच योजनेवर धांवल्या.

महाराष्ट्रांत ती घरोघर परिचित झाली ती फियाटमुळें. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट ११००, आणि तिचीच पुढची आवृत्ति असलेली पद्मिनी, हिचें इंजिन चार सिलिंडरांचें व १०८९ घनसेंटिमीटरांचें. घरगुती दिसणारी ही गाडी चपळ होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धांवपट्टीवरील शर्यतींत तिचीं सुधारलेलीं रूपें उतरत. इंजिनाकडून अधिक वेग मागितला, कीं दाब वाढतो, ठिणगीला अवधि कमी मिळतो, आणि संथ चालींत लपलेला लहानसा दोष लगेच उघडा पडतो.

जुना मिस्त्री प्रथम हत्यार उचलीत नसे, तो ऐके. ठोका ठराविक अंतरानें चुकत असेल, तर दोष एकाच सिलिंडराचा. अनियमित चुकत असेल, तर कॉइल, पॉइंट किंवा पेट्रोल ह्या साऱ्यांच्या सामाईक भागाचा. मग पकड लाकडाची किंवा रबराची ठेवून तो एकेका प्लगची तार क्षणभर काढी. तार काढतांच इंजिन मंदावलें, तर तें सिलिंडर कामाचें. कांहींच फरक पडला नाहीं, तर लंगडें तेंच. काढलेला प्लगहि बोलका असतो. तो फिकट तपकिरी असला तर प्रकृति ठीक. कोरडा काळा असला तर पेट्रोल अधिक. तेलकट असला तर रिंगा झिजलेल्या. पांढुरका असला तर मिश्रण पातळ किंवा उष्णता फाजील. प्लग बदलूनहि दोष त्याच सिलिंडरांत राहिला, तर दाब मोजावयाचा आणि व्हॉल्व्ह तपासावयाचे.

मराठवाड्याच्या हवामानानें ह्या परीक्षेंत आपली भर घातली. काळ्या मातीची धूळ कार्बुरेटरच्या बारीक जेटांत बसे. वैशाखांत पेट्रोलच्या नळींतच वाफ होऊन पंप निकामी होई. अशा वेळीं ओलें फडकें पंपावर ठेवणें हाच उपाय असे. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत ओल शिरे, आणि अंधारांत बॉनेट उघडलें असतां निळ्या ठिणग्या भलत्याच वाटेनें धांवतांना दिसत. पॉइंट वारंवार जळत असतील, तर ते घासण्यापेक्षां कंडेन्सरकडे पाहावें, हें अनुभवी माणसास ठाऊक असे.

परंतु कानाला न कळणारा दोषहि होता. इंजिनांतील ठकठक थांबविण्याचा उपाय म्हणून थॉमस मिजली यानें १९२१ सालीं शिशाचें संयुग शोधिलें. पेट्रोलांत तें थोडकें मिसळलें, कीं इंजिनें सुरळीत चालत. पण तें शिसें धुरावाटे मुलांच्या रक्तांत जाई. भारतांत २००० सालीं शिसेयुक्त पेट्रोल बंद झालें. जगांतील मोटारींसाठींचा त्याचा शेवटचा पंप अल्जीरियांत २०२१ सालीं थांबला. शिशाच्या थरानें जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हांच्या बैठका झिजण्यापासून वांचत; तें गेल्यावर कांहीं गाड्यांचे व्हॉल्व्ह गळूं लागून दाब घटला. तरी हा सौदा लाभाचाच. इंजिनाला कठीण बैठक बसवितां येते. मुलाच्या मेंदूची हानि भरून काढतां येत नाहीं.

१९९६ सालापासून अमेरिकेत नव्या मोटारींस स्वतःचे दोष नोंदविणारें यंत्र सक्तीचें झालें, व पुढें भारतांतहि तसे नियम आले. तें यंत्र कोणतें सिलिंडर चुकलें हें सांगतें. कां चुकलें, हें तें नेहमीं सांगत नाहीं. तें शोधावयास मिश्रण, दाब आणि ठिणगी ह्या तीन गोष्टी क्रमानें तपासाव्या लागतात. क्रम सोडून जो भाग बदलूं लागतो, त्याचा पैसा जातो, आणि दोष मात्र गाडींतच राहतो.