रक्ताचा गुण, पाण्याचा दोष

पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादविषयी एक समज जुना आहे: जंगलातला माणूस मुळातच काटक, त्याला ताप बाधत नाही. विज्ञानाने या समजाला थोडा आधारही दिला. सिकलसेलचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले, तर गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीतून मांडले. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील या जनुकाची नोंद केली. आदिलाबादच्या गोंडांतही ते आढळते. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापात जगल्याची ही खूण खरी, पण तिची किंमतही मोठी आहे. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. शिवाय हे संरक्षण एका परोपजीवीपुरतेच. त्यावरून अख्ख्या जमातीला काटक ठरवता येत नाही.

या तर्काची खरी कसोटी नारूने घेतली. आदिलाबाद तेव्हा ज्यात होते ते आंध्र आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत तो होता. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी पिताना नारूच्या अळ्या वाहणारे सूक्ष्म सायक्लॉप्स पोटात जात आणि सुमारे वर्षाने पायावर जळजळणारा फोड येई. फुटलेल्या फोडातून डोकावणारा हातभर जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. एकदा झालेल्या नारूने पुढची प्रतिकारशक्ती येत नसे, त्यामुळे तो त्याच माणसाला पुन्हा होई. कुणी म्हणेल, एकाच विहिरीवरच्या काहींना तो झाला नाही, तेव्हा शरीराशरीरात फरक असणारच. असेलही. पण 1983-84 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती तो फरक न शोधताच. पाणी गाळले, हातपंप बसवले, विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. ना लस होती, ना नारू मारणारे औषध; बारा-तेरा वर्षांत कुणाची जनुकेही बदलली नाहीत.

म्हणून आदिलाबादमधल्या उटनूरच्या पाड्यांत सिकलसेलची तपासणी हवीच, कारण लग्नाआधी जोडप्याला ती माहिती उपयोगी पडते. मात्र पावसाळ्यातल्या तापाचा खुलासा रक्तात शोधू लागलो, तर मच्छरदाणी, स्वच्छ पाणी आणि वेळेवर येणारा डॉक्टर यांची जबाबदारी प्रशासनाच्या अंगावरून अलगद उतरते. ‘काटक’ हे विशेषण इतके दिवस टिकले, त्यात या सोयीचाही वाटा आहे.